खोली कोणाच्या नावावर?

दर वर्षी जानेवारी उजाडला की हापिसात एक मेल येतो. विषय ठरलेला: 'गुंतवणुकीचे पुरावे जमा करा'. मग एका रात्रीत अख्ख्या फ्लोरवरचे इंजिनिअर कारकून होतात. कोणी भाडेकरार स्कॅन करतंय, कोणी घरमालकाचा पॅन नंबर मागायला फोन लावतंय, कोणी बारा महिन्यांच्या बारा पावत्यांवर एकाच पेनाने सह्या घेतंय. वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर मालकाचा पॅन लागतो, आणि पुण्यात एक लाखात आता पार्किंगसुद्धा मिळत नाही. :-)

यंदा मी या पावत्या चिकटवत बसलो होतो त्याच आठवड्यात गावाहून काकांचा फोन आला. "रविवारी मंडळाची सभा हाय. लालबागच्या खोलीचा इषय हाय. तू शिकलेला हायस, ये."

आमचं गाव दापोली तालुक्यात. लालबागच्या एका जुन्या चाळीत गावाची एक खोली आहे. गावाची म्हणजे गावाचीच. माझे आजोबा गिरणीत होते तेव्हा तिथे राहिले, त्यांच्या आधी त्यांचे चुलते राहिले. आता चाळीला बिल्डर आलाय. प्रश्न दोन. एक, खोलीच्या बदल्यात फ्लॅट घ्यायचा की पैसे घेऊन घरटी वाटून टाकायचे? आणि दुसरा, जो पहिल्यापेक्षा कठीण आहे: भाडेपावती ज्यांच्या नावावर आहे ते मंडळाचे जुने सेक्रेटरी वारून तीस वर्षं झाली. त्यांचे नातू म्हणतात, पावती आजोबांच्या नावाची म्हणजे खोली आमची.

एका बाजूला माझी पावती, दुसऱ्या बाजूला ही पावती. मग दोन-तीन शनिवार याच विषयात गेले. भाड्याला हातभार लावायची ही जी व्यवस्था आहे, ती आपल्याकडे आली कुठून? शोधत गेलो आणि फिरून दापोलीलाच पोचलो.

पेन्शनरांची दापोली

दापोलीला जुनी माणसं अजून 'काप दापोली' म्हणतात. काप म्हणजे कॅम्प. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दक्षिण कोकण इंग्रजांच्या ताब्यात आलं, त्यानंतर इथे लष्करी छावणी बसली. समुद्रापासून जवळ, तरी उंचावर आणि हवा बरी, हे कारण. पुढे १८४० च्या सुमारास नियमित फौज हलली, पण निवृत्त शिपाई या भागात येऊन राहू लागले.

आता बघा, पेन्शन ही गोष्ट आपल्याला साधी वाटते. एकोणिसाव्या शतकातल्या कोकणात ती साधी नव्हती. जमीन खोताची, पीक भाताचं आणि तेही पावसावर. अशा ठिकाणी दर महिन्याला, पाऊस पडो न पडो, हातात रोख रक्कम येणारा माणूस म्हणजे वेगळाच प्राणी. त्या रोकडीवर तो गावकुसाच्या आणि खोताच्या बाहेर, कॅम्पात घर करून राहू शकत होता. मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकणातले महार सैनिक मोठ्या संख्येने होते. गावात ज्यांना वतनाची कामं आणि अपमान याशिवाय काही मिळालं नसतं, ते दापोलीत पेन्शनर म्हणून ताठ राहिले.

गोपाळबाबा वलंगकर त्यातले एक. मूळचे महाडजवळच्या रावढळचे, फौजेतून निवृत्त होऊन १८८६ मध्ये दापोलीत आले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली, आणि 'अनार्य दोष परिहार मंडळ' काढलं. १८९० च्या दशकात महारांची फौजेतली भरती बंद झाली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. ती लढाई मानाची तर होतीच, पण घराचीही होती. भरती बंद म्हणजे पुढच्या पिढीची पेन्शन बंद, आणि पेन्शन बंद म्हणजे परत गावकुसाबाहेर.

याच दापोलीतल्या पेन्शनरांनी नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना घ्यावं म्हणून अर्ज केले. कर भरतो, मग शाळा का नाही, असा सरळ सवाल. बऱ्याच झगड्यानंतर मुलांना जागा मिळाली ती व्हरांड्यात. इंग्रज सरकारची पेन्शन घराच्या भिंती उभ्या करू शकत होती, शाळेचा उंबरा मात्र ओलांडून देऊ शकत नव्हती.

या पेन्शनरांमध्ये सुभेदार रामजी सकपाळही होते. मूळ गाव आंबडवे, शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं. महूहून निवृत्त झाल्यावर ते कुटुंब घेऊन काही काळ दापोलीत राहिले आणि मग नोकरीसाठी साताऱ्याला गेले. धाकटा मुलगा भीमराव तेव्हा अगदी लहान होता.

वार, माधुकरी आणि औंध

याच तालुक्यातली दुसरी गोष्ट. पालगडचे पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजी, जन्म १८९९. घरची स्थिती एके काळची बरी, पण कर्जापायी उतरत गेलेली. दापोलीच्या मिशन शाळेत ते शिकले, नातेवाइकांकडे राहून. पुढे तेही जमेना. मग कोणीतरी सांगितलं की औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होते, आणि हा मुलगा दापोलीहून थेट साताऱ्याकडच्या औंधला निघाला. नंतर पुण्याला आला. आई १९१७ मध्ये गेली तेव्हा तो जवळ नव्हता.

मुरुडचे धोंडो केशव कर्वे तर त्याच्याही आधीचे. परीक्षा देण्यासाठी कोकणातून साताऱ्यापर्यंत पायी गेलेले, आणि मुंबईत शिकताना शिकवण्या करून राहण्याचा खर्च काढलेले. कमावते झाल्यावर त्यांनी गावाच्या कामांसाठी 'मुरुड फंड' उभा केला. बाहेर पडून मिळवणाऱ्यांनी गावासाठी थोडं बाजूला काढायचं, अशी ती कल्पना.

त्या काळात शिकणाऱ्या गरीब ब्राह्मण मुलाला शहरात टिकून राहायला एक व्यवस्था होती: वार लावून जेवणं. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. नाहीतर माधुकरी. झोपायला कोणाच्या तरी वाड्याची ओसरी किंवा देऊळ. आजच्या भाषेत सांगायचं तर ही शंभर टक्के घरभाडे-भोजन सवलत होती, फक्त तिचा पात्रतेचा निकष जन्माचा होता. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. वाराने जेवणाऱ्या मुलाला किती मान खाली घालावी लागते हे ज्यांनी भोगलं त्यांनी लिहून ठेवलंय. पण ज्यांना वारही लावता येत नव्हता त्यांच्या मुलांनी शहरात जायचं कसं, हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर वसतिगृहांनी दिलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकामागून एक इतर जातींची. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह काढलं. फी माफ केल्याने गरिबाचं पोर शिकत नाही, कारण खरा खर्च राहण्याचा आणि दोन वेळच्या जेवणाचा असतो, हे या लोकांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

गावाची खोली

आता मुंबई. रत्नागिरी जिल्हा म्हणजे चाकरमान्यांचा जिल्हा. १८८० मध्ये पोस्टाने मनीऑर्डर सुरू केली आणि पुढची शंभर वर्षं कोकणातल्या चुली तिच्यावर पेटल्या. पण मनीऑर्डर पाठवायची तर मुंबईत खर्च कमी हवा, आणि सगळ्यात मोठा खर्च खोलीचा.

कोकणी माणसाने त्यावर जो तोडगा काढला तो मला फार हुशारीचा वाटतो. गावातल्या लोकांनी मिळून मंडळ काढायचं, मंडळाने गिरणगावात एक खोली भाड्याने घ्यायची, आणि गावचा जो कोणी मुंबईत येईल त्याने तिथे ट्रंक टाकायची. महिन्याची वर्गणी ठरलेली. नोकरी नसेल तर लागेपर्यंत थांबायचं. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस, तीस-तीस पुरुष. सगळे एकदम झोपायचे नाहीत, कारण गिरणी पाळ्यांत चालायची. एक पाळी कामावर, एक बाहेर गॅलरीत, एक घोंगडीवर. एकाच साधनावर अनेकांनी आळीपाळीने काम करायचं, ज्याला आम्ही आज 'टाइम शेअरिंग' म्हणतो, ते आमच्या आजोबांनी लालबागला चटईवर केलं. :-)

जेवण खानावळीत. खानावळ चालवणाऱ्या बायका बहुतेक गिरणी कामगारांच्याच घरातल्या. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं.

गोव्याच्या लोकांनीही अगदी हेच केलं. त्यांच्या खोल्यांना 'कूड' म्हणतात. धोबीतलाव, माझगाव भागात गोव्यातल्या एकेका गावाची एकेक कूड. बोटीवर जाणारा खलाशी दोन फेऱ्यांच्या मधे तिथे राहायचा, भिंतीशी पेट्या रचलेल्या आणि समोर देव्हारा. आमच्याकडे गणपतीचा फोटो, त्यांच्याकडे क्रूस. हिशेब एकच.

आजोबांना मी लहानपणी विचारलं होतं, "तुमची मुंबईत खोली होती ना?" ते म्हणाले होते, "खोली गावाची. आपली फक्त खुंटी." प्रत्येकाला कपडे टांगायला भिंतीवर एक खुंटी मिळायची. मालकी तेवढीच.

सरकार भाड्यात शिरतं

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि गरिबांच्या खोल्यांकडे सरकारचं लक्ष गेलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते काढले आणि काही चाळी बांधल्या, त्या बीआयटी चाळी. मग १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्या चाळींचा पुनर्विकास होऊन वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. म्हणजे शंभर वर्षं आणि चार पिढ्या.

दुसरा मार्ग होता भाडंच बांधून टाकायचा. पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली तेव्हा १९१८ मध्ये पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला आणि त्याने १ सप्टेंबर १९४० ची भाडी प्रमाण मानली. मूळ कायदा थोड्या वर्षांपुरता. पण मुदत वाढत गेली, वाढत गेली आणि पन्नास वर्षं निघाली.

इथे जरा थांबून हिशेब करू. भाड्याला मदत करायचे दोन मार्ग असतात. एक, भाडेकरूच्या हातात पैसे द्यायचे. दोन, भाडंच कमी ठेवायचं. पहिल्याचा खर्च सरकार करतं, म्हणजे आपण सगळे. दुसऱ्याचा खर्च एकटा घरमालक करतो. १९४७ मध्ये ती रक्कम मालकाला जड नव्हती. १९८० मध्ये ज्या खोलीचं भाडं दहा-पंधरा रुपये येतं तिचा जिना तो कशाला दुरुस्त करील? नाही केला. चाळी कोसळायला लागल्या, तेव्हा सरकारला १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करून उपकर लावावा लागला. दुसरीकडे पागडी आली. भाडं दहा रुपये, पण खोलीत शिरायला हजारो रुपये काळ्यात. आत असलेल्याला कायद्याने सांभाळलं आणि बाहेर असलेल्याला दार लावून घेतलं.

शेवटी डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की १९४० ची भाडी अशी गोठवून ठेवणं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ मान्य झाली आणि पागडीही कायदेशीर झाली.

हा कायदा वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याच्याशिवाय आमच्या गावाची खोली टिकली नसती, आजोबा टिकले नसते, आणि मी कीबोर्डवर बसलो नसतो. पण त्याने एक गोष्ट पक्की केली: हक्क पावतीवरच्या नावाचा. खोलीत तीस जण राहिले, पावतीवर एकच नाव मावतं.

पगार आहे, घर नाही

परत भीमरावांकडे. सातारा सोडून कुटुंब मुंबईला आलं ते परळच्या डबक चाळीत, एका खोलीत. १९१२ च्या सुमारास ते परळच्या बीआयटी चाळीत आले, पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या खोल्या, आणि १९३४ पर्यंत तिथे राहिले. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना २५ रुपये मिळत होते. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार.

या सगळ्या काळात परळच्या खोलीत संसार करत होत्या रमाबाई. त्या दापोलीजवळच्या वणंद गावच्या. वडील बंदरावरून माशांच्या टोपल्या वाहायचे. आईवडील लवकर गेले आणि नातेवाइकांबरोबर मुंबईला आल्या, १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात लग्न झालं. शिष्यवृत्ती होती ती शिकणाऱ्याच्या राहण्या-जेवणाची. मागे राहिलेल्या घराचं भाडं आणि धान्य हे कुठल्या कलमात बसत नव्हतं. ते रमाबाईंनी निभावलं.

१९१७ मध्ये आंबेडकर करारानुसार बडोद्याला नोकरीला गेले. पगार दीडशे रुपये, म्हणजे त्या काळी उत्तम. पण घर कोणी देईना. हिंदू खाणावळीत प्रवेश नाही. शेवटी पारशी नाव सांगून ते पारशी धर्मशाळेत राहिले, राहणं-जेवण मिळून दिवसाला दीड रुपया. पगाराच्या तीस टक्के! 'घरावर तीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये' असं आजकाल आपले गुंतवणूक सल्लागार सांगतात, त्या हिशेबात ते अगदी बसत होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा म्हणाले. शहरात ओळखीचे दोघे होते, दोघांनीही ठेवून घेतलं नाही. बाहेर बागेत तासन्‌तास बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय.

मी ही गोष्ट शाळेत धडा म्हणून वाचली होती. या वेळी भाड्याचा हिशेब डोक्यात ठेवून वाचली आणि वेगळीच लागली. कोलंबियाची पदवी आहे, संस्थानची नोकरी आहे, पगार आहे, भाडं परवडतं. तरी घर नाही. भाड्याची सगळी मदत एक गोष्ट गृहीत धरते, की पैसे असले की कोणीतरी घर देईल. पुण्यात फ्लॅट शोधताना ब्रोकरने मला पहिला प्रश्न बजेटचा विचारला नव्हता. आडनाव विचारलं होतं.

आंबेडकरांनी यातून काय केलं? १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह उघडलं. ज्यांना भाड्याने खोली मिळणार नाही त्यांच्यासाठी पैशाआधी खोली.

माझी पावती आणि त्याची

आता माझ्या जानेवारीच्या पावत्या. १९६१ च्या आयकर कायद्याने घरभाडे भत्त्याची सूट अशी ठरवली: मिळालेला भत्ता, भाड्यातून मूळ पगाराचे दहा टक्के वजा करून उरलेली रक्कम, आणि मूळ पगाराचे चाळीस टक्के (मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत पन्नास), या तिन्हींत जी कमी ती करमुक्त. उदाहरण घेऊ. मूळ पगार ६०,०००, भत्ता २४,०००, भाडं २०,०००. भाड्यातून सहा हजार वजा, उरले १४,०००. वर्षाला १,६८,०००. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वाचलेला कर ५०,४००. २०२० मध्ये आलेल्या नव्या करप्रणालीत ही सूट नाही, पण जुनी निवडली तर मदत ही एवढी. ज्याला पगारात भत्ता नाही, म्हणजे छोटा दुकानदार किंवा रिक्षावाला, त्याला याच कायद्यात महिना जास्तीत जास्त ५,००० ची वजावट. आणि ज्याला करच भरावा लागत नाही, त्याला शून्य.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र सरकारने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, आणि विद्यार्थी बाहेरगावचा हवा. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,०००: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि इतर ८,०००. इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. नंतर तालुक्याच्या गावांसाठीही ३८,००० ची तरतूद झाली. दापोलीत १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे, बाहेरून येणारी पोरं खोल्या घेऊन राहतात, त्यामुळे या शेवटच्या आकड्याला आमच्या गावात अर्थ आहे.

म्हणजे पुण्यात राहणाऱ्या पंचवीस-तीस वर्षांच्या इंजिनिअरला घरभाड्यापोटी सरकार वर्षाला पन्नास हजार सोडून देत होतं, आणि त्याच शहरात शिकणाऱ्या अडीच लाखांच्या घरातल्या मुलाला राहण्यासाठी वीस हजार मोजून देतं. माझ्या मदतीला 'नियोजन' म्हणतात, त्याच्या मदतीला 'अनुदान'. माझी एका पीडीएफवर मिळते, त्याला जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, हजेरीपत्रक, भाडेकरार सगळं जोडावं लागतं. आकडे समोर ठेवल्यावर कोण कोणाच्या जिवावर राहतंय हा प्रश्न विचारायची हिंमत माझी तरी झाली नाही.

कागद

कागदावरून आठवलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि दापोली, मंडणगडची दाणादाण उडाली. आमच्या आळीत सात घरांची कौलं आणि पत्रे गेले, माड-पोफळी आडव्या झाल्या. सरकारने पूर्ण पडलेल्या घरासाठीची मदत ९५,१०० वरून दीड लाखांपर्यंत वाढवली. रक्कम वाढली हे चांगलंच. पण पंचनाम्याला माणूस आला की पहिला प्रश्न: घर कोणाच्या नावावर? आणि कोकणात घर पणजोबाच्या नावावर असतं. वारस अठरा, त्यातले बारा मुंबईत, दोन भांडलेले. राहतेय ती एकटी म्हातारी काकू, तिचं नाव कुठेच नाही. छप्पर तिच्या डोक्यावरचं उडालं, संमतीपत्र अठरा जणांचं हवं.

पेन्शन असो, पावती असो, पंचनामा असो. मदत नावाला मिळते, राहणाऱ्याला नाही. दोघं एकच असतील तर नशीब.

रविवारची सभा

तर सभा. गावच्या देवळात साठेक माणसं. अर्ध्यांचं म्हणणं, पैसे घ्या आणि वाटा, घरटी दीड-दोन लाख येतील, कोणाचं छप्पर होईल, कोणाचं लग्न. हे म्हणणं खोटं नाही. सेक्रेटरींचा नातू उभा राहून म्हणाला, "पावती आमच्या आजोबांची. कायदा बघा." कायदा बघायला गेलं तर तोही अगदी चुकीचा नाही. एका म्हाताऱ्याने उत्तर दिलं, "तुझ्या आज्याचं नाव आम्हीच घातलं व्हतं. त्याला सही करता यायची म्हून."

देवळात कोणी बोलेना.

मला काका म्हणाले, बोल. मी काही वकील नाही. बिल्डरच्या कागदांची मला भीती वाटते हे आधी सांगितलं. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांनी २००८ मध्ये घरं रिकामी केली, मधल्या काळाचं भाडं पुढे बंद झालं आणि वर्षानुवर्षं लोक अडकले, हे सगळ्यांनी पेपरात वाचलंय. तेव्हा पहिली गोष्ट, मंडळाची रीतसर नोंदणी आणि वकील. दुसरी, जुन्या वर्गणीच्या वह्या शोधा. भाडं गावाने भरलं याचा तोच पुरावा. नातवांशी कोर्टात भांडण्यापेक्षा त्यांना मंडळात घ्या आणि त्यांच्या आजोबांचं नाव दारावर लावा.

आणि तिसरी, फ्लॅट घ्या. पैसे वाटून घेतले तर प्रत्येकाला एकदाच मिळतील. फ्लॅट ठेवला तर शिकायला जाणाऱ्या पोरांना मिळत राहील. मुलगे होते आजवर, आता मुलीही जातात. गेल्या वर्षी गावातली एक मुलगी मुंबईत नर्सिंगला लागली आणि पहिल्या चार महिन्यांत तिचं अर्धं विद्यावेतन कॉटच्या भाड्यात गेलं. तिला तेव्हा आपल्या गावाची खोली माहीतच नव्हती, कारण ती खोली पुरुषांची. नवीन झाली तर तिचीही होऊ द्या.

निकाल? लागला नाही. कोकणातली सभा पहिल्या दिवशी निकाल देत नाही. :-) वकील बघायचं ठरलं आणि वह्या शोधायचं काम माझ्यावर आलं. तीन वह्या सापडल्या आहेत, काकांच्या माळ्यावर, सुपारीच्या पोत्याखाली. सगळ्यात जुनी १९५३ ची. प्रत्येक महिन्याला नावांची यादी आणि समोर आणे. आजोबांचं नाव आठव्या ओळीत आहे. दोन महिने समोर रक्कम नाही, बारीक अक्षरात 'काम नाही' एवढंच लिहिलंय. त्या दोन महिन्यांतही ते खोलीतच राहिले असणार, कारण तिसऱ्या महिन्यात नाव परत त्याच ओळीत आहे.

वहीची पानं फोनवर स्कॅन करतोय. ज्या ॲपमध्ये माझ्या भाड्याच्या पावत्या आहेत, त्यातच. पुढची सभा शिमग्याला.